खालचा बोल्ट

पुढचं डावं चाक काढून झालेल्या पोकळीतून तिने आडवं पडून हात कोपरापर्यंत आत घातला आणि चाचपडत पाना बोल्टवर बसवला. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनच्या पाठीमागे दडपून बसवलेला. वरून दिसायचा पण हात पोचायचा नाही, खालून हात पोचायचा पण दिसायचं नाही.

"ही गाडी ज्याच्या डोक्यातून निघाली ना, त्याला एकदा इथे आणून आडवा झोपवला पाहिजे," ती खालूनच म्हणाली.

नर्सबाई दाराशी उभ्या होत्या. परवा त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर कळा सुरू झालेली बाई होती आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. नशिबाने मागून एक टेम्पो आला, म्हणून निभावलं. मुलगी गाडीखाली, आणि वडील कोपऱ्यात स्टुलावर बसून डब्यातले नट वेगळे करत होते. हात थरथरायला लागल्यापासून त्यांच्याकडे तेवढंच काम उरलं होतं. गॅरेज आता तीच चालवत होती.

पान्याला जोर लावण्याआधीच बोल्ट फिरला. तिने पाना काढून बोटांनी फिरवून पाहिला. नळाच्या तोटीसारखा आरामात फिरत होता.

"कुठल्या गाढवाने बसवलाय हा?" ती सरपटत बाहेर आली. "खालचा बोल्ट घट्टच केलेला नाही! सगळा भार वरच्यांवर. हादरून हादरून वाट लागली त्याची. माणसं बसतात हो गाडीत! सिस्टर, कुठल्या टपरीवर केलं होतंत हे काम?"

"इथेच. दोन वर्षं झाली."

"इथे असलं काम होत नाही."

"मी गाडी दुसरीकडे कधी नेलेलीच नाही."

"सगळे असंच म्हणतात. स्वस्तात कुठेतरी करून घ्यायचं आणि निस्तरायला आमच्याकडे यायचं."

नर्सबाईंचा चेहरा लाल झाला. "मी खोटं बोलत नाही," एवढंच म्हणून त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. हिचा पारा मात्र उतरेना. त्या अनोळखी मिस्त्रीच्या सात पिढ्या उद्धरतच तिने तासाभराने अल्टरनेटर बाहेर ओढला आणि काढलेले तिन्ही बोल्ट उजेडात धरले.

वरच्या दोन्ही बोल्टांच्या डोक्यांवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका होता. खालचा कोरा होता.

ती ठिपक्यांकडे बघतच राहिली. बोल्ट पूर्ण घट्ट झाल्यावरच पिवळा ठिपका लावायचा, ही या गॅरेजची रीत होती, आणि ती दुसऱ्या कुठल्याही गॅरेजची नव्हती. लहानपणी तिने एकदा आधीच ठिपका लावला, तेव्हा वडिलांनी दिवसभर अबोला धरला होता.

"बाबा."

डब्यातला खुळखुळाट थांबला.

"खालच्यावर रंग नाही."

"घट्ट झाला नव्हता. बोटं वळतच नव्हती त्या दिवशी." ते डब्यातच बघत होते. "मग खोटा रंग कसा लावू?"

"रंग खोटा लावला नाहीत, गाडी मात्र दिलीत!" तिचा आवाज चिरकला. "मला हाक मारायची होती. दोन वर्षांत एकदा तरी तोंड उघडायचं!"

"उघडलं असतं तर तू मला त्याच दिवशी स्टुलावर बसवलं असतंस."

"बसवलंच असतं!"

वडिलांनी पुन्हा नट उचलायला घेतले. तिला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्यांचे हात आधीच हलताना बघून रडूही आलं. ती पुन्हा गाडीखाली शिरली. नवा अल्टरनेटर बसवला, खालचा बोल्ट दात-ओठ खात आवळला, चाक चढवलं. संध्याकाळच्या ड्यूटीआधी नर्सबाईंना किल्ली द्यायला ती बाहेर गेली. मागोमाग वडीलही भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आले.

"मग? काय निघालं?" नर्सबाईंनी विचारलं.

"काही नाही हो सिस्टर. पार्टच खराब होता. हल्ली माल असाच येतो."

"माल चांगला होता," वडील म्हणाले. "बोल्ट माझ्याकडून सैल राहिला. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."

परवाचा तो सगळा रस्ता नर्सबाईंच्या चेहऱ्यावर उमटला. मग त्यांनी हिच्या हातातून किल्ली घेतली.

"त्यांच्या हातांना जमलं नाही," त्या म्हणाल्या. "तुला खरं सांगायला काय झालं होतं?"