आईच्या लग्नाचा मांडव

आईचं लग्न ठरलं आणि धावपळ सुरू केली लेकीने. घरात तिला लहानपणापासून भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी बसणं तिला कधी जमलंच नाही. आता तिशी उलटली होती, पार्सलच्या गोदामात ती पाळीप्रमुख झाली होती, हाताखाली माणसं होती, पण घरातलं नाव काही सुटलं नव्हतं.

आई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. नवरा गेल्यावर पोटापाण्यासाठी तिने स्टिअरिंग धरलं, ते अजून हातातच होतं. नवरदेव म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचे पंपवाले. पाण्याचे पंप दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे राहायच्या दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. व्हॅन धुवायचा पंप बिघडला म्हणून आई एकदा त्यांच्याकडे गेली.

"आणि मग तो पंप सारखाच बिघडायला लागला," मावशी सांगायची. "मला तर वाटतं, हीच त्यात खडे टाकत होती."

आईचं म्हणणं साधं होतं. नोंदणी कचेरीत जायचं, सह्या करायच्या, चौघांनी कुठेतरी चहा प्यायचा आणि घरी यायचं.

"असं कसं?" भिंगरी म्हणाली. "चोरून करतोय का आपण? परसात करू. सह्या घ्यायला कचेरीतून कोणाला तरी घरीच बोलावू. हॉल नको, केटरर नको, सगळं घरच्या घरी. खर्चाचं टेन्शन नाही. मी करते सगळं."

"अगं, पण कशाला एवढं..."

"तू काही करायचं नाहीस. तू नवरी आहेस."

नवरी हा शब्द ऐकल्यावर आई व्हॅनची किल्ली शोधायला लागली. किल्ली तिच्या हातातच होती.

परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, नावालाच मोकळी. एका बाजूला कपडे वाळत घालायच्या तारा, दुसरीकडे व्हॅनचे जुने टायर, मोडकी खाट आणि कधी कोणी आणलं ते आठवत नाही असं पत्र्याचं पिंप. भिंगरीने पहिल्याच रविवारी खाट आणि पिंप भंगारवाल्याला देऊन टाकलं. नळाखालच्या चिखलात खडी पसरली. गवत काढलं. मग मांडवाच्या मागे लागली. मावशी पडदे शिवायची. तिच्याकडे उरलेल्या कापडांचं गाठोडं होतं, कुठलेही दोन तुकडे एका रंगाचे नव्हते. दोघींनी बसून ते जोडले. बसून म्हणजे मावशी बसली, भिंगरी उभ्या उभ्या टाचण्या लावत होती.

"अगं, टेक की जरा. मशीनला धक्का लागतोय तुझा."

"तू शिव. मी बघते, सरळ येतंय का."

"तू बघतेयस म्हणूनच वाकडं येतंय."

खुर्च्या शेजारून आणायच्या ठरल्या. कोणाच्या लाकडी, कोणाच्या प्लास्टिकच्या, एका घरातून चक्क दाढीच्या दुकानातली फिरकी खुर्ची आली. जॅमच्या रिकाम्या बरण्या धुऊन फुलांसाठी ठेवल्या. भात, दोन भाज्या, कोशिंबीर आणि काहीतरी गोड एवढंच जेवण. ते मावशी आणि शेजारच्या दोघी करणार होत्या. सगळं ठरलं होतं, तरी भिंगरीला चैन पडेना. गोदामात तिने एक दिवस अख्खी ट्रॉली चुकीच्या गाडीवर चढवली. पहाटे उठून ती खुर्च्या मांडायची, भिंतीला पाठ लावून बघायची, पुन्हा सगळ्या उचलायची. कधी रांगा तिरप्या वाटत, कधी मधली वाट अरुंद वाटे.

एक गोष्ट मात्र ती मनात येऊच देत नव्हती. लग्नानंतर आई पंपवाल्यांकडे राहायला जाणार होती. त्यांच्याकडे सकाळी उजाडायच्या आत गिऱ्हाइकं यायची, त्यामुळे दुकान सोडून राहणं शक्य नव्हतं. "हे घर तुझं," आई म्हणाली होती. "मी काय, दोन गल्ल्या पलीकडेच." भिंगरी "चालेल की" म्हणाली होती, जरा घाईनेच, आणि बादल्या घासायला गेली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वारा सुटला. मांडवाचं कापड फुगलं, एक कोपरा सुटला आणि वाळूच्या डब्यात रोवलेला पाइप डब्यासकट आडवा झाला. फोन न करताच पंपवाले पाना घेऊन आले. गल्लीत वारा बघितला आणि अंदाज आला, म्हणाले.

पूर्वी भिंगरी त्यांना काका म्हणायची. लग्न ठरल्यापासून ती त्यांना काहीच म्हणत नव्हती. हाक मारायची वेळ आली की "ऐकलं का" म्हणायची किंवा नुसतंच खोकायची. तेही तसेच. तिला आधी ते ए पोरी म्हणायचे, आता अचानक अहोजाहो करायला लागले होते.

"तुम्ही हा धरा," ते म्हणाले. "मी तारेने आवळतो."

"तार दिसेल."

"दिसू दे की."

"फोटोत येईल."

त्यांनी मुकाट्याने तार खिशात घातली आणि दोरी मागितली. दोरी त्यांच्याच्याने धड बांधली गेली नाही, कोपरा पुन्हा सुटला आणि अख्खं कापड त्यांच्या डोक्यावर आलं. आतून त्यांचा आवाज आला, "जरा विचारायचं होतं."

"आधी बाहेर तर या."

कापडातून डोकं काढून ते तिथेच डब्यावर बसले. "तुमची आई दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी. म्हणजे बोलते, पण हो-नाही एवढंच. तुमच्याशी काही बोलली का?"

"नाही. मी कामात होते."

"मला वाटतं, तिचं मन मागे फिरतंय. विचारायची हिंमत होत नाही. विचारलं आणि हो म्हणाली तर?"

भिंगरीने पाइप धरून ठेवला होता. तिला एकदम सुटल्यासारखं वाटलं. आई नाही म्हणाली तर? तर सगळं होतं तसंच राहील. संध्याकाळी व्हॅन दारात येईल, आई चपला काढता काढता दिवसभराची गाऱ्हाणी सांगेल. आणि समोर हा माणूस केसांत सुताचे धागे अडकलेले घेऊन बसला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

"तसं काही नसेल," ती म्हणाली. "तारच लावा तुम्ही. दिसली तर दिसली."

ते गेल्यावर तिने घरातले सगळे चमचे बाहेर काढून पुसले. मग पुन्हा पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ओरडतच परसात आली. "नवरी कुठेय गं? न्हाणीघरात नाही, खोलीत नाही."

भिंगरी पुढच्या दाराने बाहेर पळाली. व्हॅन नेहमीच्या जागी उभी होती. आई चालकाच्या जागेवर बसली होती, नवे कपडे घातलेले, मांडीवर पर्स, दोन्ही हात स्टिअरिंगवर. इंजिन बंद होतं. भिंगरी दार उघडून शेजारी बसली.

"कुठे निघालीस?"

"कुठेच नाही. मला नाही जमणार गं."

"त्यांनी काही केलं का?"

"छे! तो बिचारा काय करणार."

"मग?"

आई काचेतून समोर बघत राहिली. "त्या खुर्च्या."

"खुर्च्यांचं काय?"

"सकाळी खिडकीतून बघितल्या. सगळ्या रांगेत, मधे वाट. त्या वाटेवरून मी चालत येणार आणि अख्खी गल्ली माना वळवून बघणार, म्हातारी कशी नटलीये. मी वीस वर्षं ही गाडी चालवते. सगळे माझ्या पाठीमागे बसतात. मी आरशात त्यांना बघते, मला कोणी बघत नाही. तुला म्हटलं होतं, सह्या करू आणि चहा पिऊ."

एवढे दिवस राबून भिंगरीने आईला पळून जायला लावलं होतं. आता फक्त "बरं, नको करूस, चल आत" म्हणायचं, की सगळं मिटत होतं. लोकांना काहीतरी सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले.

"आई, काल मला वाटलं होतं, तू नाही म्हणावंस."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"आनंद झालेलं माणूस तेच ते चमचे पुन्हा पुन्हा पुसत नाही."

मागच्या सीटवर कोणाचीतरी विसरलेली पाण्याची बाटली होती. भिंगरीने ती उचलली, झाकण घट्ट केलं, परत ठेवली.

"तुला नकोच आहे का हे लग्न?" आईने विचारलं.

"तू मला घरात हवी आहेस. एवढंच आहे ते. आणि हे तुला सांगायचं नव्हतं मला."

"आणि मी घरात राहिले तर तू काय करशील? मला उचलून बाजूला ठेवशील आणि माझ्याखालचा केर काढशील."

भिंगरीला हसू आलं, त्याबरोबर डोळेही भरले. तिने विचारलं, "आवडतात ते तुला? खरं सांग."

आईने बराच विचार केला. "तो बोलत असताना मी घड्याळ बघत नाही," ती म्हणाली. "दिवसभर मी दुसरं करते काय? घड्याळच बघते."

भिंगरी दार उघडून खाली उतरली.

"आता कुठे?"

"खुर्च्या हलवायला. रांगाच नकोत. ज्याला जिकडे तोंड करून बसायचं तिकडे बसू दे. आधी जेवणं सुरू करू. सह्या मधेच उरकू, स्वयंपाकघराच्या पायरीवर. बघायचं त्याने बघावं."

"आणि ती वाट?"

"वाटेत भाताचं पातेलं ठेवते. मग कोणाची छाती होते चालायची!"

आईने स्टिअरिंगवरचे हात काढले. लगेच उतरली मात्र नाही. "तू हो पुढे," ती म्हणाली. "मी येते." भिंगरी आत गेली, पण परसातून तिचं लक्ष सारखं पुढच्या दाराकडे होतं. खुर्च्या ओढताना दोनदा गुडघ्याला लागलं. मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, आठवडाभर मांडलंस ते विस्कटतेस काय? लोक आले की!" लोक खरंच यायला लागले होते. कुठे बसावं ते त्यांना कळेना. कोणी भिंतीकडे तोंड करून बसलं, कोणी एकमेकांसमोर. फिरकी खुर्चीवर जो बसला तो सगळीकडेच बघत होता. पंपवाले इस्त्रीच्या कपड्यांत कोपऱ्यात उभे होते, चेहरा पांढरा पडलेला. ते भिंगरीकडे बघत होते आणि तिला त्यांना काहीच सांगता येत नव्हतं, कारण तिलाही माहीत नव्हतं.

मग स्वयंपाकघराच्या दारात आई दिसली. हातात कोशिंबिरीचं भांडं. ती सरळ वाढायला लागली. कोणीतरी म्हणालं, "अहो, तुम्ही कशाला?" ती म्हणाली, "माझंच घर आहे," आणि पुढे सरकली. वाढत वाढत पंपवाल्यांपर्यंत पोचली, त्यांच्या ताटात दोन चमचे घातले. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र रंग परत आला.

नोंदणी कचेरीतल्या बाई आल्या तेव्हा भाजीची दुसरी फेरी चालू होती. पायरीवर पाट टाकून त्यावर कागद ठेवले. आईने सही केली, पंपवाल्यांनी केली, साक्षीदार म्हणून मावशीने, शेजारच्या एकीने आणि भिंगरीने केली. भिंगरीच्या डाव्या हातात सरबताचा जग होता, तो ठेवायचं तिला सुचलंच नाही. निम्म्या लोकांना काही कळलंच नाही. शेजारच्या आजोबांनी थोड्या वेळाने विचारलं, "नवरी कधी येणार?"

"आली, सही केली, आता जेवतेय," मावशी म्हणाली.

संध्याकाळी आईने व्हॅन काढली. पंपवाले शेजारी बसले, मागे दोन पिशव्या. आई भिंगरीच्या गालाला हात लावून म्हणाली, "गुरुवारी जेवायला ये तिकडे." व्हॅन कोपऱ्यावर वळली. भिंगरी परसात गेली आणि अंधार पडेपर्यंत काही ना काही उचलत राहिली.

गुरुवारी ती गेली. दुकानामागच्या दाराशी उभी राहिली आणि तिला कळेना, बेल वाजवायची की सरळ आत शिरायचं. शेवटी वाजवली. आईनेच दार उघडलं, आणि दोघी क्षणभर एकमेकींकडे ओळख नसल्यासारख्या बघत राहिल्या. जेवताना तिला कोरं करकरीत ताट मिळालं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. ती भांडी घासायला उठली तर पंपवाले म्हणाले, "राहू द्या, राहू द्या." ते तिला फार लागलं. त्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे. पुढच्या गुरुवारी तिने बेल वाजवली नाही, दुकानातूनच आत गेली, तर आई ओरडली, "चपला काढ आधी, आत्ताच पुसलंय!" त्या रात्री तिने भांडी घासली. कोणी अडवलं नाही.

आता ती दर गुरुवारी जाते. जाताना जवळच्या रस्त्याने जाते. परत येताना लांबच्या रस्त्याने, बाजारावरून, भरभर चालत येते आणि घरी पोचल्यावर सगळे दिवे लावते.