कोऱ्या कागदाकडे गेलेले पतंग

बाहेर सकाळचे अकरा वाजले होते, पण आत प्रयोगशाळेत पतंगांसाठी रात्र केली होती. खिडक्यांना काळे पडदे आणि एकच तांबडा दिवा. तो उजेड पतंगांना दिसत नाही.

पतंगाची मादी अंधारात एक वास सोडते. आपल्याला तो कळत नाही, नराला मात्र लांबून कळतो. हा वास कोणत्या रसायनाचा, ते शोधण्यात संशोधक बाईंची तीन वर्षं गेली होती. हजारो माद्यांच्या शेपटाकडच्या ग्रंथी काढून त्यांनी रसायन ओळखलं, तसंच बाटलीत बनवलं. दुपारी ते वरिष्ठ साहेबांपुढे मांडायचं होतं.

काचेच्या बोगद्यात एका टोकाला पंखा, त्यापुढे तारेला लावलेला कागद. दुसऱ्या टोकाला वीस नर. आधी तुलनेसाठी कोरा कागद, मग रसायनाचा थेंब टाकलेला. सरमिसळ नको म्हणून कोरा कागद नेहमी काका लावायचे आणि थेंबाचा बाई. काका प्रयोगशाळेसाठी पतंग पाळत. आज ते अळ्यांना चारा घालत होते, म्हणून कोराही बाईंनीच लावला.

वीसच्या वीस नर त्या कोऱ्या कागदाकडे झेपावले.

बाईंनी सगळं बदलून पाहिलं. नवी तार, नवा कागद. पुन्हा तेच.

"तुमच्यावरच जीव जडलाय त्यांचा," काका आत येत म्हणाले. बाईंचा चेहरा पाहून त्यांनी स्वतः नव्या तारेला कोरा कागद लावला. एकही नर हलला नाही.

बाईंनी आपलं मनगट पंख्यापुढे धरलं. पंख फडफडू लागले. हातमोज्याच्या वर उघडा राहणारा घड्याळाचा चामडी पट्टा! ग्रंथी काढताना तो रोज हातात असे, आणि कागद लावताना कागदाला घासत असे.

"काका, मग इतके दिवस ते थेंबाकडे येत होते, की माझ्या पट्ट्याकडे?"

"मी लावतो थेंबाचा. तुम्ही बाहेर थांबा."

बाई दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आले का?"

"मिशा हलवल्या. उडालं कुणी नाही."

बाईंनी डोळे मिटले. बाटलीत काहीतरी कमी होतं, आणि ते त्या पट्ट्यात होतं. किती उरलं असेल, कोण जाणे.

"साहेबांना काय सांगायचं, बाई?"

"चुकलं म्हणून. मीच सांगते." त्यांनी पट्टा सोडला. "आधी ही रिकामी बाटली धरा, काका. वास उडायच्या आत पट्टा यात बंद करू."