गळ्यातला क्वांटम

वरठीच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी लग्न नव्हतं, तरी दारातला चपलांचा ढीग लग्नाएवढाच होता. आत माणसं एक हात आडवा धरून उभी होती आणि मंचावरून आवाज येत होता, "तुमच्या शरीरातले इलेक्ट्रॉन उलटे फिरून राहिले आहेत. म्हणून साखर, म्हणून बीपी. हे क्वांटम लॉकेट त्यांना सरळ करतं."

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. असल्या ठिकाणी जायचा आता कंटाळा येतो. एक बुवा उघडा पाडावा, तर वर्षभरात दुसरा उगवतो. पण शेजारच्या सत्यभामाबाईंनी आग्रह धरला होता. "तुमच्याच विषयाचं आहे जी, सर," त्या म्हणाल्या. ऑटोत बसल्यावर कळलं, लॉकेट घातल्यापासून त्यांनी इन्सुलिनची सुई बंद केली होती. पायाच्या अंगठ्याला जखम होती, पण ती दुखत नव्हती, म्हणजे बरी होत असणार असं त्यांनी धरलं होतं. साखरेच्या आजारात जखम दुखेनाशी होते ती बऱ्याचदा नसा मेल्यामुळे.

मंचावरच्या कोटवाल्याला ओळखायला मला वेळ लागला. तो चंद्रकुमार होता, माझाच विद्यार्थी. अणूची रचना त्याला एकदा सांगितली की पुन्हा सांगावी लागत नसे. आता ऊर्जापातळी, कंपन, पुंज हे माझेच शब्द तो मंत्रासारखे फेकत होता आणि लोक हात जोडत होते.

त्यानं सत्यभामाबाईंनाच मंचावर घेतलं, लॉकेट काढायला लावलं आणि आडव्या हातावर दाब दिला. हात खाली आला. मग लॉकेट मुठीत देऊन पुन्हा दाबला. हात जागचा हलला नाही. टाळ्या पडल्या. मी मात्र लॉकेटकडे नाही, त्याच्या बोटांकडे पाहत होतो. पहिल्यांदा ती मनगटावर होती, दुसऱ्यांदा कोपराजवळ.

मी उठून मंचावर गेलो आणि मलाही एकदा करून पाहू दे म्हणालो. त्यानं मला ओळखलं. क्षणभर चेहरा उतरला, पण जीभ सावरली.

"सर, तुम्हीच शिकवलं होतं, पाहणाऱ्यामुळे प्रयोग बदलतो. शंका घेऊन पाहणाऱ्यासमोर क्वांटम काम करत नाही."

लोक हसले. मी सांगितलं, मोजमापानं इलेक्ट्रॉनची अवस्था बदलते, एवढंच मी शिकवलं होतं. बघ्याच्या मनातल्या शंकेनं नाही. मग परवानगीची वाट न पाहता बाईंच्या मुठीतलं लॉकेट काढून घेतलं आणि रिकाम्या मुठीच्या हातावर कोपराजवळ दाब दिला. हात तसाच राहिला. लॉकेट परत मुठीत ठेवलं, मनगटावर तेवढाच दाब दिला. हात खाली आला.

लांब टोकाला दाबलं की खांद्यावर जास्त ताण येतो, हातपंपाचा दांडा आपण टोकालाच धरतो तो त्याचसाठी, असं मी समजावलं. काही जण लॉकेट काढून निघाले. काही जण मात्र माझ्यावरच चिडले, आणि विक्रीच्या टेबलापाशी रांग उरलीच.

सत्यभामाबाई खुर्चीत बसून राहिल्या. "मंग मले बरं काहून वाटत होतं जी?"

"बरं वाटावं असं तुम्हाला वाटत होतं, म्हणून. चला, आधी दवाखान्यात."

बाहेर पडताना चंद्रकुमारला विचारलं, लॉकेटच्या कंपनीनं तुलाही फसवलं का? मला तसं असावं असं वाटत होतं. तो खाली पाहत म्हणाला, "नाही सर. हात कुठं दाबायचा ते ट्रेनिंगमध्येच शिकवतात."

बाईंचा अंगठा काढावा लागला. पाय वाचला. त्या पुन्हा सुई घेतात आणि त्या रविवारचा विषय काढत नाहीत.

त्या रविवारनंतरच्या आठवड्यात मी वर्गात अणू शिकवत होतो. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला ठरावीक पायऱ्या असतात, दोन पायऱ्यांच्या मधे त्याला थांबता येत नाही, वरून खाली उतरताना तो नेमका तेवढाच प्रकाश सोडतो, इथवर आलो. तेव्हा रीना नावाच्या मुलीनं विचारलं, "सर, आमच्याही घरी ते लॉकेट आहे. मंग क्वांटम खोटं आहे का?"

थकलो होतो, तरी खडू खाली ठेवला. "क्वांटम खरं आहे. तुझ्या घरचा एलईडी बल्ब त्याच्यावरच चालतो, मग त्याच्यावर कुणाची श्रद्धा असो वा नसो. कुणी हा शब्द वापरून तुझ्या आईचं औषध बंद करायला सांगितलं, तर एवढंच म्हण, मुठीत लॉकेट आहे की नाही हे तुम्हाला कळू न देता पुन्हा करून दाखवा. खरं असेल तो दाखवेल. दाखवो न दाखवो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका."

तिनं मान हलवली. मी खडू उचलला आणि फळ्यावर दुसरी पायरी काढली.