नियमानं जाळलेली फाईल

बाबांनी जिंकलेल्या धुऱ्याच्या, म्हंजे वावराच्या बांधाच्या, दाव्याच्या निकालाची नक्कल मले पाहिजे होती. मोर्शीहून कोर्टात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा अर्जावर कोर्ट फीचं तिकीट नव्हतं, दुसऱ्यांदा दाव्याचा नंबर नव्हता. तिसऱ्यांदा दोन्ही नेलं, तं कारकून म्हणे, "बाई, फाईल जुनी झाली. सायबाच्या आदेशानं जाळली."

माह्यं डोकंच सणकलं. "मंग त्या आदेशाची नक्कल द्या!"

"तो तं तुमचा हक्कच आहे," म्हणून त्यानं नवा अर्ज घेतला, तिकीट तपासलं, शिक्का मारला अन् मंग मान हलवली. "नाही भेटणार."

"काहून?"

"ज्या फाईलीचा आदेश, तो त्याच फाईलीत लावा लागते. आमी नियम पाळतो, बाई. आधी लावला, मंगच जाळली."