कमळाबाईची होमिली

करंजाड्याच्या त्या सोसायटीत महिन्याच्या पहिल्या रविवारी चेअरमन सत्यजीत साहेब कामवाल्या बायकांना पार्किंगमध्ये उभं करून उपदेश पाजायचे. खरं बोला, वेळेवर या, मेंबरांच्या लिफ्टमध्ये पाय ठेवू नका. या वेळी तर गेटवर इंग्रजी नोटीसच लागली होती, 'होमिली फॉर हेल्पर्स'. हेल्पर्सची लिफ्ट मात्र तीन महिने बंद होती. कमळाबाई रोज बारा मजले चढायची आणि तिच्या गुडघ्यांनी आता हात टेकले होते. पण चेअरमनने गेटपास काढून घेतला तर चार घरची कामं एका झटक्यात जाणार, म्हणून तीही सगळ्याजणींसारखी तोंडात मिठाची गुळणी धरून होती.

शनिवारी तिने आपल्या दहावीतल्या मुलीला, रियाला विचारलं, "होमिली मंजे काय गो?"

रियाने मोबाइलवर शोधलं. "उपदेशाचं भाषण, आई. पण मूळ शब्द ग्रीक आहे. 'होमिलोस' म्हणजे जमलेली माणसं, आणि त्यांच्या एकत्र बसण्या-बोलण्याला म्हणायचे 'होमिलिया'. एकट्याने भाषण झोडायची पद्धत नंतरची."

"मंजे आदी सगळीच बोलायची?"

"हो."

कमळाबाईला रागच आला. सगळ्यांचा शब्द एकट्या साहेबाने कधी पळवला, कुणाला पत्ताही नाही.

रविवारी साहेब प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोलले. "चला, आता कामाला लागा."

"थांबा साहेब," कमळाबाई म्हणाली. "होमिली अर्धीच झाली. आमी बोलायच्या राहिलो."

साहेबांना ठसका लागला.

"खरं बोला सांगता ना? मंग आयका. तुमचा कुत्रा लिफ्टनं जातो नि आमी जिन्यानं. तीन महिने झाले, आमची लिफ्ट दुरुस्त करायला तुमाला येळ नाय."

"गेटपास दे इकडे."

कमळाबाईने पास काढून त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या. पण आजचं काम करूनच जाईन. बाराव्यावरच्या आजींना अंघोळ घालायची हाय."

आणि ती सरळ मेंबरांच्या लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग शोभा आत शिरली, तिच्यामागे आशालता, आणि बघता बघता बाहेर एकही उरली नाही. जास्त वजनाची घंटा कोकलायला लागली.

"उतरा खाली," साहेब ओरडले.

लिफ्ट हलेना, आणि आतली एकही बाई हलेना.