काळ्या पाटीवरचे अंगठे

अनसाबाईचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि जावयावर तर मुळीच नव्हता. उगीच नव्हे. नवरा गेला त्या साली धाकटा दीर काशप्पा तोंडात साखर घोळवत घरी आला, "वैनी, रेशनकार्डाला अंगठा लागायलाय," म्हणाला आणि शाईची डबी पुढं केली. बाईनं उठवला अंगठा. दोन वर्षांनी कळलं, ओढ्याकडचं दोन एकर रान काशप्पाच्या नावावर गेलंय. तेव्हापासून भालकीजवळच्या मेहकर गावात कुणी कागद घेऊन दारात आलं, की बाई दोन्ही अंगठे मुठीत दडवून बसायची. जनगणनेचा मास्तरसुद्धा तिच्या दारातून शिव्या खाऊन गेला, बिचारा.

उरलं होतं तीन एकर रान आणि एक म्हैस. त्या म्हशीच्या धारेवर बाई कुणापुढं हात न पसरता जगत होती. आणि त्याच म्हशीनं घात केला. टेम्पोचा हॉर्न वाजला, जनावर बुजलं, दाव्याचा पीळ बाईच्या दोन्ही अंगठ्यांना बसला आणि म्हैस तशीच पळाली. संध्याकाळपर्यंत अंगठे वांग्याएवढे सुजले.

निरोप मिळताच लेकीनं, रेणूनं, नवऱ्याला पाठवलं. मल्लिकार्जुन गुलबर्ग्याच्या एका डाळमिलमध्ये कामाला. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून हजर.

"मामी, चला. गुलबर्ग्याला फोटो काढून घेऊ अंगठ्यांचा."

"भालकीत दवाखाना न्हाई व्हय?"

"हाय की. पर तिकडं माझ्या वळखीचा हाडाचा डॉक्टर हाय."

वळखीचा! काशप्पाचा तलाठीबी वळखीचाच होता की. बाई मनात म्हणाली, लेका, मला येडी समजलास काय?

बसमध्ये जावयानं तिकीट काढलं, हुमनाबादला केळी घेतली, सोलून तिच्या तोंडाशी धरली. तिला अंगठ्यांनी सोलता येत नव्हती, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. एवढी माया कामून करायलाय ह्यो, एवढंच ती घोकत राहिली. लग्न झाल्यापासून सात वर्षांत केळ्याचं साल कधी दाखवलं नव्हतं यानं.

फोटो काढायच्या ठिकाणी बाकड्यावर बायामाणसं दाटीनं बसली होती. मल्लिकार्जुननं खिडकीपाशी कागद भरला. "मामी, मामांचं पुरं नाव काय? तुमचं वय किती लिवू?" वर सहीही ठोकली आणि तिच्या नावाची चिठ्ठी बाईजवळ दिली. तेवढ्यात फोटोवाला बाहेर येऊन सांगून गेला, "दोनी अंगठे काळ्या पाटीवर टेकवायचे. दाबून धरायचे. अजाबात हलायचं न्हाई."

काळी पाटी! दोन्ही अंगठे! आता आणखी काय पुरावा पाहिजे होता? काशप्पानं एकच घेतला होता, हा दोन्ही घ्यायला निघालाय.

"चहा घेऊन येतो," म्हणून जावई बाहेर गेला. दारातून बाईनं पाहिलं, तो एका पांढऱ्या सदऱ्यातल्या, काखेत फाईल धरलेल्या माणसाशी बोलत होता. तो माणूस कोण, काय, देव जाणे. बाईला मात्र तो साक्षीदारच वाटला.

शेजारी आळंदकडची कमलम्मा बसली होती. तिच्या नवऱ्याच्या छातीचा फोटो निघायचा होता. अनसाबाईचं तोंड बघून तिनं विचारलं, "काय झालं, अक्का?" बाईनं कुजबुजत सगळं रामायण सांगितलं. कमलम्मा पदरात तोंड घालून हसली.

"माझ्या नावावर चुलीएवढी जागा न्हाई. माझ्या अंगठ्यानं कोण काय घेणार? आण इकडं तुझी चिठ्ठी."

"अनसाबाई!" अशी हाक आली, आणि डोक्यावर पदर ओढून कमलम्मा आत गेली. फोटोवाल्यानं चिठ्ठी पाहिली, अंगठे पाटीवर ठेवून घेतले. तोंडाकडं बघायला त्याला वेळ होता कुठं?

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. "हाडं शाबूत आहेत. नुसती लचक आहे. शेक द्या, तेलानं चोळा, हळूहळू कामाला लागा." मल्लिकार्जुनचा चेहरा खुलला. अनसाबाईही गालात हसली. तिला वाटलं, जिरवली लेकाची.

पण माणसाचं मन मोठं बेरकी असतं. मेहकरात आल्यावर ठणका लागला की बाई स्वतःलाच समजवायची, "डॉक्टर म्हणालाय न्हवं, हाड शाबूत हाय." लबाडी हिनंच केली, आणि त्या लबाडीवर भरवसाही हिनंच ठेवला! रोज तेल लावून करकचून चोळायची, ओठ चावत धार काढायची.

दोन महिन्यांत अंगठे बाहेरच्या बाजूला वाकून वाळक्या लाकडासारखे ताठले. धार निघेना. सड नीट धरता येईना, म्हैस लाथ मारी, चरवी लवंडे. शेजारची चंद्रभागाबाई दोन वेळा येऊन धार काढून देई, आणि अनसाबाईला ते कोरडा घास गिळल्यासारखं जड जाई.

रेणू आणि मल्लिकार्जुन आले. जावयानं तिचे हात हातात घेतले, पिशवीतून फोटो काढला आणि दारातल्या उजेडात धरला. एकदा फोटो, एकदा अंगठे. फोटोतलं हाड अख्खं, हातातलं मोडून वाकडं जुळलेलं. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली.

"मामी, ह्यो फोटो तुमचा न्हाई! त्या फोटोवाल्यानं बदललाय. थांबा, आत्ताच्या बसनं जातो आन त्याची गचांडी धरतो. न्हाई त्याला मशिनीत घातला तर नाव सांगणार न्हाई!"

तो चपला घालू लागला. आपल्या पापाचा मार परक्या माणसाला बसणार, हे बाईला दिसलं.

"जावई, थांबा. त्यानं न्हाई बदलला. म्या बदलला."

आणि तिनं काळी पाटी, कमलम्मा, पांढऱ्या सदऱ्याचा माणूस, सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हंजी तुमाला वाटलं, मी रान लिवून घ्यायलो?" मल्लिकार्जुननं हळूच विचारलं.

"व्हय."

मधे पडली रेणू, आणि ती रडत बोलली. "आई, दर पंचमीला आमी येतो, तवा हे एक दिवस भालकीला कामून जातेत, ठाव हाय तुला? तुझ्या रानाचा उतारा काढून बघतेत. उरल्याल्या तीन एकरावर तुझंच नाव हाय का, काशप्पा काकानं त्यालाबी हात लावला का, म्हणून. तुला सांगितलं तर भ्याशील म्हणून सांगितलं न्हाई."

अनसाबाई उठून उभी राहिली. "चला, जावई. परत फोटो काढू. म्या सोता पाटीवर हात ठेवते. तुमी संगं या."

"रेणू येईल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच बाईला जास्त लागलं. "मी न्हाई येत, मामी. मी हात धरला की तुमाला भ्या वाटतंय."

तो दाराकडं वळला. अनसाबाईनं पुढं होऊन त्याच्या सदऱ्याची बाही धरली. पण नुसत्या बोटांना ती धरवेना, आणि तो बाहेर पडला तशी बाही तिच्या हातातून सुटून गेली.