पापणीवरचा पोपटी

समोरचा चहा निवत होता आणि फारूकभाई मुलीच्या डोळ्यांकडे बघत बसले होते. रिदाने पापणीच्या कडेला मोरपंखी रंगाची रेघ ओढली होती आणि ती बोटाने जराशी वर पसरवली होती. डोक्यावर फिकट राखाडी ओढणी होती. ओठांना, गालांना काहीच लावलेलं नव्हतं. पण फारूकभाईंना दिसत होते ते फक्त डोळे.

"आधी ते धुऊन ये," ते म्हणाले.

"अब्बा, मी दुकानात येतेय. तुम्हीच म्हणालात, एक दिवस बसून बघ."

"बसून बघ म्हणालो. असं बस म्हणालो नव्हतो. असे डोळे रंगवणाऱ्या मुली घर सांभाळत नाहीत, रिदा! बाजारात चार लोक मला ओळखतात."

झुबेदाभाभी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, दुकानात तुम्ही तेच तर विकता ना?"

"विकणं वेगळं. आपल्या घरातल्या मुलीने लावणं वेगळं."

रिदाने एकदा अम्मीकडे पाहिलं, एकदा अब्बांकडे. मग ती आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. फारूकभाई एकटेच दुकानाकडे निघाले.

वाचकहो, फारूकभाईंना हसू नका. परक्या मुलीने डोळे रंगवले की आपण म्हणतो, 'काय हौशी आहे पोरगी!' आणि तेच आपल्या मुलीने, सुनेने केलं की आपल्याला एकदम लोक आठवतात. हे लोक नेमके कोण, ते आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. बहुतेक वेळा ते लोक आपणच असतो.

पनवेलच्या बाजारात फारूकभाईंचं कटलरीचं दुकान. वडिलांच्या काळी तिथे मॅचिंग सेंटर होतं. साडीचा पदर हातात घेतला की तिला नेमका जुळेल असा ब्लाउजपीस थप्पीतून ओढून काढायचा, ही त्या घराण्याची कला. पुढे तयार ब्लाउज आले, कापड मागे पडलं आणि बांगड्या, क्लिपा, नेलपॉलिश, मग डोळ्यांना लावायच्या रंगांच्या डब्या असं एकेक दुकानात शिरलं. माल बदलला, पण फारूकभाईंचा हात मॅचिंगचाच राहिला. बाई साडी घेऊन आली की ते डबी उघडत, आपल्याच मनगटावर रंगाचा पट्टा ओढत आणि पदराला मनगट लावून म्हणत, "बघा! पदर कुठला आणि रंग कुठला, सांगा!" संध्याकाळी नमाजच्या आधी ते मनगट घासून धूत, तेव्हा पाणी रंगीबेरंगी होऊन वाहत असे.

अलीकडे मात्र मुली रंग मोबाइलवरून मागवू लागल्या होत्या. शेजारचा विश्वजीत मोबाइलची कव्हरं विकायचा. दुकानातली रंगांची अर्धी बाजू मला द्या म्हणून तो मागे लागला होता, आणि सोमवारी सांगतो असं फारूकभाईंनी त्याला म्हटलं होतं. रिदाला तीच बाजू हवी होती. तिने मेकअपचा कोर्स केला होता. तिथे बसून येणाऱ्या बायकांना रंग नुसता विकायचा नाही, तो लावायलाही शिकवायचा, असं तिच्या मनात होतं. म्हणून आजचा एक दिवस तिला मिळाला होता, आणि तो चहाच्या कपापाशीच संपला.

तो दिवस शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज आटपून फारूकभाई परत गल्ल्यावर बसले, तेवढ्यात रंभा आली. रंभा पनवेलच्या कोळीवाड्यातली, मासळी बाजारात तिचा ठिय्या. तिच्या घरच्या प्रत्येक लग्नाचा चुडा याच दुकानातून जायचा. आता तिच्या मुलीचं, निशाचं, उरणच्या कल्पेशशी लग्न होतं. रविवारी हळद होती.

हिरव्या बांगड्या मापाला लावता लावता फारूकभाईंनी हौसेनं विचारलं, "काय रंभाबाय, साखरपुड्याला निशाच्या डोळ्यांना पोपटी कसा शोभला? साडीला असा जुळवून दिला होता की फरक ओळखू येऊ नये!"

रंभा म्हणाली, "ते इचारू नका, भाय."

"का? काय झालं?"

"पोर पाटावर बसली ना, तवा कल्पेसची मावशी सगल्यांदेखत बोलली, 'असले डोले रंगवनारी पोर घर काय सांभालल?' बाया हसल्या. निशा मान खाली घालून बसली ती बसली. घरी आयली नि साबनानं घासून घासून डोले लाल केलंन. डबी खाडीन फेकून दिली. आता बोलते, हलदीला मला काजलपन नको."

फारूकभाईंच्या हातातली बांगडी हातातच राहिली. ते वाक्य त्यांनी ऐकलं होतं. कुठे ऐकलं हे आठवायची गरज नव्हती, कारण सकाळी ते त्यांच्याच तोंडून निघालं होतं!

तरी माणूस चटकन कुठे हरतो? ते म्हणाले, "पण रंग तर बरोबर मॅच होता."

"मॅच होता, तेच तर झायलं!" रंभा म्हणाली. "पदर पोपटी, चोली पोपटी, नि डोला पार भुवईपर्यंत पोपटी. मला पन बघून कसंतरीच वाटलं, खोटं कनाला बोलू? रंग चुकला, भाय. पन रंग चुकला तर पोर वाईट कशी झायली? भाजीन मीठ जास्त पडलं तर आपुन भाजीला नावं ठेवतो. करनारीच्या चालीवर कोन जातं काय?"

फारूकभाईंनी बांगड्या कागदात गुंडाळायला घेतल्या.

"मी बाजारान बसते ती अंबाड्यान फूल माळून, गल्यान सोनं घालून. माजा दादला बोटीवर गेला की घर मीच बघते. रंभा नटते म्हनून तिचं घर बुडलं, असं कोन बोललं काय आजपावेतर? नि तुमच्या डोल्यान आता सुरमा हाय. लोकं तुमाला काय बोलतान?"

"ती सुन्नत आहे, रंभाबाय. पैगंबरांची रीत."

"आसल ना. चांगलाच दिसतोय. मी इतकंच बोलते, तुमच्या डोल्यान काला दिसला की लोकं बोलतान मानूस देवाधर्माचा. नि पोरीच्या डोल्यान निला दिसला की तिच्या वागन्यावर बोट. डोले दोघांचे, मग न्याय दोन कनाला?"

चुडा पिशवीत घालून रंभा निघून गेली. फारूकभाईंनी समोरच्या आरशात पाहिलं. सुरम्याने डोळे काळेभोर दिसत होते. आपल्याला कुणी कधी ते धुऊन ये म्हटलं नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सुचलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या दिवशी ते लवकर घरी आले आणि त्यांनी रिदाच्या दारावर टकटक केली.

"बेटा, एक विचारू? पोपटी साडीवर पोपटी डोळे. चूक काय त्यात?"

"मला कशाला विचारता?" रिदा आतूनच म्हणाली. "माझं ऐकून तुम्ही काय करणार आहात?"

फारूकभाई दाराबाहेरच्या वेताच्या मोढ्यावर बसले आणि त्यांनी निशाची सगळी हकिगत सांगितली. मावशीचं वाक्य सांगताना ते अडखळले, पण त्यांनी ते गाळलं नाही. दार उघडलं. रिदाचे डोळे अजून मोरपंखीच होते, फक्त एका बाजूला रंग जरा पसरला होता. मुलगी रडलेली होती हे त्यांना कळलं.

"अब्बा," ती त्यांच्यासमोर बसत म्हणाली, "तुम्ही डोळ्याला ब्लाउज समजता."

स्वयंपाकघरातून झुबेदाभाभींच्या हसण्याचा आवाज आला. फारूकभाईंनाही हसू आवरेना.

"खरंच सांगते. ब्लाउज साडीला जुळवतात. डोळा साडीला नाही जुळवायचा, चेहऱ्याला जुळवायचा. साडी पोपटी होती ना? मग पापणीवर तांबूस सोनेरी लावायचा आणि पोपटीची एक रेघ फक्त खालच्या कडेला द्यायची. भडक रंग लावायला काहीच हरकत नाही, पण तो एका जागी लावावा. कडेला बोटाने विरवत न्यावा, म्हणजे कुठे संपला ते दिसत नाही. आणि डोळे उठून दिसायला हवे असतील तर ओठ साधे ठेवावेत. तुम्ही रंग निवडलात, पण तो किती आणि कुठवर, हे त्या मुलीला कुणी सांगितलंच नाही."

एवढी वर्षं फारूकभाई रंग विकत होते आणि तो कुठे थांबवायचा हे त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं.

"रविवारी निशाच्या हळदीला येशील माझ्याबरोबर? तिचे डोळे तू कर."

"असेच डोळे घेऊन येऊ?" रिदाने सरळ विचारलं.

फारूकभाई मोढ्यावरून उठले. "चल तर खरं," एवढंच ते म्हणाले. रिदाला ते पुरेसं वाटलं नाही, पण निशासाठी ती तयार झाली.

रविवारी दुपारी कोळीवाड्यात मांडव सजला होता आणि बेंजो वाजत होता. निशा आतल्या खोलीत पिवळ्या साडीत बसली होती, चेहरा कोरा. रिदाने डबी उघडताच ती मागे सरकली.

"नको गं. परत तेच ऐकायचं मला?"

"लोकांचं नंतर बघू. तुला स्वतःला आवडतं का, एवढं सांग."

निशाने खाली बघितलं. "आवडतं. म्हणून तर लावलं होतं."

"मग मिट डोळे."

रिदाने पिवळा हातातही घेतला नाही. तिने गडद निळा घेतला, पापणीच्या केसांलगत दाट लावला आणि वर नेता नेता इतका हलका केला की तो कातडीतच मिसळून गेला. खालच्या कडेला काजळ, बाकी काही नाही. ओठांना थोडं लोणी चोळायला सांगितलं. रंभा आत आली आणि लेकीकडे बघतच राहिली. "ही माजी निशा!" म्हणत तिने बोटं मोडली.

निशाला मांडवात आणून पाटावर बसवलं, तेवढ्यात नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन उरणहून आल्या. पुढे कल्पेशची मावशीच होती. निशाला बघताच ती थबकली.

"काय गो, आजपन डोले रंगवलंस? आमी काय बोललू ते इसरलीस काय?"

बेंजो नेमका दोन गाण्यांच्या मध्ये थांबला होता. सगळ्यांनी ऐकलं. निशाची मान खाली जायला लागली. रंभाचा चेहरा उतरला, पण व्याह्यांच्या माणसांना ती काय बोलणार?

खुर्चीवर सरबत घेत बसलेले फारूकभाई उठून उभे राहिले.

"ताई, साखरपुड्याचा पोपटी माझा होता," ते म्हणाले. "मी दुकानदार. साडीला रंग जुळवून मीच तिला दिला आणि तो कसा लावायचा ते सांगितलं नाही. चूक माझी होती. बोलायचं तर मला बोला. त्या मुलीच्या संसाराचा त्या रंगाशी काही संबंध नाही!"

मावशीची नजर निशाशेजारी उभ्या असलेल्या रिदावर गेली.

"नि ही कोन? हिनंच रंगवलंन काय? हिचेपन डोले तसलेच हायत!"

रिदाने अब्बांकडे पाहिलं. घरून निघताना तिने मोरपंखी लावलेला पाहूनही ते काहीच बोलले नव्हते. आता चारशे माणसांसमोर ते काय म्हणतील, हे तिला ठाऊक नव्हतं. पनवेलच्या बाजारातले निम्मे व्यापारी त्या मांडवात बसले होते, विश्वजीतही होता.

"ही माझी मुलगी, रिदा," फारूकभाई म्हणाले. "उद्यापासून ती माझ्या दुकानात बसणार आहे. अर्धं दुकान तिचं. आणि ती अशीच बसणार आहे, याच डोळ्यांनी. विश्वजीत, तुझं उत्तर तुला मिळालं ना?"

रिदाने ओढणीचं टोक तोंडावर धरलं. रंभा मात्र मोकळेपणाने रडली.

मावशी वाईट बाई नव्हती. तिलाही कधीतरी कुणीतरी असंच हसलं असेल, कोण जाणे. ती निशाजवळ गेली, हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला आणि बराच वेळ बघत राहिली. मग वाटीतली हळद बोटांवर घेऊन तिने निशाच्या गालांना लावली. हात वर जाता जाता ती थांबली.

"डोल्याकडं नाय लावत," ती पुटपुटली. "पुसला जाईल."

निशा हसली आणि बेंजो पुन्हा सुरू झाला.

बंधूभगिनींनो, रंग कसा लावावा याची समज शिकून येते. एखाद्या मुलीचा रंग चुकला, जास्त झाला, तर तिला प्रेमाने सांगा. नाही आवडला तर गप्प बसा. पण तिच्या पापणीवरच्या रंगावरून तिचं चारित्र्य, तिचं घर, तिची माया ठरवायचा हक्क तुम्हाआम्हाला कुणी दिलेला नाही. आणि आपल्याच घरात एखादी मुलगी डोळे रंगवून दारात उभी असेल, तर 'धुऊन ये' म्हणण्याआधी तिच्या डोळ्यांत एकदा नीट बघा. तिला आपल्याकडून एवढंच ऐकायचं असतं, की ही माझी मुलगी आहे.